अकरा पॉइंट तीन

आण्णा येळवंडेंच्या गाडीत बसायचं असेल, तर आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. आमच्या वर्कशॉपच्या दाराशी माल मोजायचा काटा आहे. आण्णा माणसाला त्यावर उभं करतात, आकडा बघतात, ओठ हलवत मनातल्या मनात कसला तरी गुणाकार करतात आणि मग निकाल देतात. "बसा. पर डबा हितंच ठिवा." एकदा बँकेचे साहेब मशीन बघायला आले होते. निघताना त्यांनी चाकणपर्यंत सोडता का म्हणून विचारलं. काट्यानं सत्त्याण्णव दाखवलं. आण्णांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमी रिक्षानं जावा. मला त्येच स्वस्त पडंल."

गाडीही तशीच आहे म्हणा. आमच्या भागातल्या एका कारखान्यात एक जर्मन साहेब होते, त्यांनी ती आपल्याबरोबर आणली होती. स्टेशन वॅगन. पुढून मोटार, मागून टेम्पो. शेडमध्ये उभी केली की शटर पूर्ण खाली येत नाही. इंजिन तीनशे चाळीस घोड्यांचं. साहेब मायदेशी जायला निघाले तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळेना, कारण आपल्याकडे अशा आकाराची गाडी दिसली की लोक आधी बाजूला होतात आणि मग हात जोडतात. आण्णांनी ती एका छोट्या गाडीच्या भावात उचलली. का, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. मागची सीट पाडली की चौदा क्रेट बसतात, आणि टेम्पोसारखे गचके बसत नाहीत म्हणून आमच्या वर्कशॉपात बनणाऱ्या स्टीलच्या पिनांवर ओरखडा येत नाही.

घेताना स्वस्त पडलेली गाडी रोज महाग पडू लागली. तिला साधं पेट्रोल चालत नाही, वरच्या दर्जाचंच लागतं. चार टायर बदलले, तेव्हा तेवढ्या पैशांत एक जुनं लेथ मशीन आलं असतं असं आण्णा दोन महिने येईल त्याला सांगत होते. ब्रेकचे पॅड मुंबईहून यायचे. पेट्रोलचा काटा तर वर्षभर अर्ध्यावर अडकलेला. त्याचा टाकीतला सेन्सर परदेशातून मागवावा लागणार होता. किंमत ऐकून आण्णांनी शोरूमच्या मुलीला फोनवर शांतपणे विचारलं होतं, "ताई, त्येच्यासंगं टाकी पन येती का?" धोक्याचा लाल दिवाही त्याच सेन्सरवर चालायचा, त्यामुळे तोही मुका. गाडीत किती पेट्रोल आहे हे जगात फक्त आण्णांना माहीत असायचं, तेही हिशेबानं.

गाडीत बसण्याआधी ते चपला काढतात आणि डिकीत ठेवतात. पेडल तळपायाला कळलं पाहिजे म्हणे. "पेट्रोल टाकीत नसतंय, पायात असतंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. चाळीसच्या वर जायचं नाही. एसी लावायचा नाही. ब्रेक म्हणजे तर पाप, कारण आधी जाळलेलं पेट्रोल त्यात फुकट जातं. म्हणून ते अर्धा किलोमीटर आधीच पाय उचलतात आणि गाडी नुसती वाहत ठेवतात. मोशीजवळ एकदा उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न देऊन आम्हाला बाजूला व्हायला लावलं होतं. वरून ट्रॅक्टरवाला ओरडून विचारत होता, "आण्णा, ढकलू का?"

दर रविवारी सकाळी सहाला ते नाशिक हायवेवरच्या एका पंपावर जातात. पंप तोच, मशीन तेच, पुढचं डावं चाक फरशीच्या त्याच भेगेवर. नोजल आपोआप बंद झालं की आण्णा गाडीला बाजूनं धरून गदागदा हलवतात, आतले बुडबुडे वर येतात, मग आणखी थोडं मावतं. पंपावरची पोरं म्हणतात, आण्णा बाळाचा ढेकर काढतायत. मग आठवड्याचे किलोमीटर भागिले भरलेले लिटर. सोमवारी सकाळी तो आकडा वर्कशॉपच्या पांढऱ्या फळ्यावर, उत्पादनाच्या टार्गेटच्याही वर लिहिला जातो. आठ पॉइंट एक. सात पॉइंट नऊ. आठ. वर्षभर त्याच्या आसपासच.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण ही हकीकत सांगायला मी बसलोय ते आण्णांची गंमत करायला नाही. मी परभणीकडचा. एका मोठ्या कंपनीत अठरा वर्षं इन्स्पेक्शनला होतो. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. या वयाचा इन्स्पेक्टर कुणाला नको असतो हे मला भोसरीपासून चाकणपर्यंत सगळ्यांनी चहा पाजून सांगितलं. आण्णांनी चहा विचारला नाही. एक पिन हातात दिली, मायक्रोमीटर दिला आणि मोजायला सांगितलं. मी सांगितलेला आकडा त्यांनी स्वतः मोजून पाहिला. दोन्ही सारखे निघाले. "उद्यापास्नं या," म्हणाले. म्हणजे या माणसानं मला ठेवून घेतलं ते मी आकडा खरा सांगतो म्हणून.

त्या वेळी वर्कशॉपची अवस्था नाजूक होती. आमचं जवळजवळ सगळं काम एकाच कंपनीचं. आमच्या पिना त्यांच्या असेंब्ली लाइनवर रोज दुपारी लागायच्या. फेब्रुवारीत एकदा टेम्पोवाल्यानं दगा दिला, माल पाऊण तास उशिरा पोचला आणि त्यांची लाइन थांबली. लाइन थांबणं काय असतं हे या पट्ट्यात चहावाल्यालाही माहीत आहे. त्यांचं पत्र आलं. यापुढे एकदा जरी माल पावणेदोनच्या आत गेटवर आला नाही, तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. आण्णांनी ते पत्र वाचलं, घडी करून मायक्रोमीटरच्या डबीत ठेवलं आणि त्या दिवसापासून हा रोजचा मालही स्वतःच्या गाडीनं न्यायला लागले. आम्ही नऊ जण त्या शेडमध्ये कामाला होतो.

मार्चमधल्या एका गुरुवारी आण्णा तापानं फणफणले होते. कंपनीचा माल त्यांनी कसाबसा पोचवला, पण तळेगावच्या एका छोट्या गिऱ्हाइकाचा माल अजून द्यायचा होता. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, ती सोडायच्या आधी क्षणभर धरून ठेवली आणि म्हणाले, "पाय हलका ठिवा, सुधाकरराव." जाताना मी अनवाणी गेलो. खरंच गेलो. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.

येताना गाडी रिकामी होती आणि रस्ताही. मला आजवर स्कूटरपलीकडे स्वतःचं वाहन झालेलं नाही. मी फक्त बघावं म्हणून पाय थोडा दाबला. गाडीनं मान वर केल्यासारखं केलं. मग मी अजून दाबला. त्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. एकोणपन्नास वर्षांचा माणूस एकटाच मोठ्यानं हसत होता, एवढं सांगतो. एकशे साठ बघितलं. मग वेग उतरवला, पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला. चाकण जवळ आलं तसं हसू गेलं आणि घाम आला. रविवारी आण्णा टाकी भरणार. पेट्रोल कुठे गेलं, विचारणार.

मी वाटेतल्या एका पंपावर थांबलो आणि खिशात होते ते दोन हजार रुपये देऊन पेट्रोल भरलं. किती जाळलं होतं याचा मला अंदाज नव्हता. कमी पडायला नको, एवढाच विचार होता. आयुष्यभर मोजमाप करून पोट भरलेल्या माणसानं ते पेट्रोल न मोजता टाकलं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, जाळलं त्याच्या तिप्पट भरलं होतं.

सोमवारी फळ्यावर आकडा होता अकरा पॉइंट तीन. त्याभोवती लाल गोल.

आण्णांना त्याचं कारणही सापडलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी स्टेपनी, जॅक आणि मागच्या सीटच्या गाद्या काढून शेडमध्ये ठेवल्या होत्या. "वजन," ते प्रत्येक मशीनवर जाऊन सांगत होते, "सगळा वजनाचा खेळ हाय." त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भेळ खायला घातली. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मशीनवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बोलायचं असेल तर तीच वेळ होती. मी भेळ खाल्ली.

आणि मग आण्णांना पुढची कल्पना सुचली. पेट्रोललाही वजन असतं. टाकी सारखी भरलेली ठेवायची म्हणजे पेट्रोल वाहून न्यायला पेट्रोल जाळायचं. साठ लिटरची टाकी, अकराचा ॲव्हरेज. दोन आठवडे आरामात निघतात. "आता रविवार आड भरायचं," त्यांनी जाहीर केलं.

मी त्या दुपारी इन्स्पेक्शनच्या टेबलावर एका चलनाच्या पाठीमागे खरा हिशेब मांडला. आठच्या ॲव्हरेजनं टाकी दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी संपत होती. बुधवार किंवा गुरुवारची सकाळ. कुठेतरी रस्त्यात, क्रेट भरलेले असताना.

तो पहिला आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी मी सहज विचारल्यासारखं विचारलं की टाकी एकदा बघायची का. आण्णा म्हणाले, "कशानं बगनार? जीब घालून?" सगळे हसले. मंगळवारी मी सांगितलं की उद्यापासून भाव वाढणार म्हणतात, आजच भरून घ्यावं. म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं. आण्णा म्हणाले, "वाढू द्या. आपल्याला रविवारी लागनार." किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असते, त्यामुळे पुन्हा गुपचूप भरण्याचीही सोय नव्हती. संध्याकाळी आकुर्डीच्या बसमध्ये मी सगळी वाक्यं जुळवली. पहिलं वाक्य 'आण्णा, माझ्या हातून एक चूक झाली' असं होतं. बुधवारी सकाळी आण्णांनी मला बघितल्याबरोबर विचारलं, "चेहरा का उतरलाय? ॲसिडिटी का?" मी हो म्हणालो. त्यांनी ड्रॉवरमधून गोळी काढून दिली.

बुधवारी साडेबाराला आम्ही निघालो. चौदा क्रेट, आण्णा आणि मी. चलनावर सही घ्यायला मी सोबत जायचोच. चाकणच्या चौकात नेहमीचीच कोंडी होती. इंजिन नुसतं जागच्या जागी गुरगुरत होतं आणि प्रत्येक मिनिटाला मी मनातल्या मनात पेट्रोल वजा करत होतो. आण्णा निवांत होते. मधेच म्हणाले की पंधरा लिटर अजून शिल्लक आहे, हिशेब एकदम बरोबर चाललाय. चौकातून बाहेर पडलो, एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो, आणि गाडी दोनदा खोकली. मग इंजिन बंद पडलं. आण्णांनी सवयीनं तिला वाहत वाहत एका चहाच्या टपरीसमोर कडेला लावलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. गेट नऊ किलोमीटरवर.

आण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा. ते अनवाणीच उतरले. चपला डिकीत, क्रेटच्या खाली होत्या. एप्रिलची दुपार, डांबर तापलेलं. पाय आलटूनपालटून उचलत त्यांनी बोनेट उघडलं. आधी फ्यूज पाहिले. मग म्हणाले, फिल्टर असणार. स्क्रूड्रायव्हरनं एकेक स्क्रू काढायला लागले. पेट्रोल आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, त्यामुळे पेट्रोल सोडून ते सगळं तपासत होते. मी बाजूला उभा राहून त्यांच्या हातात फडकं देत होतो. एक दहा. एक बारा. रिकामा टेम्पो दिसतो का म्हणून मी रस्त्याकडे बघितलं. जे जात होते ते सगळे भरलेले. कंपनीच्या स्टोअरला फोन करण्यात अर्थ नव्हता. उशीर होईल असं सांगणं म्हणजे उशीर झालाच.

एक सतराला आण्णांनी मेकॅनिकला फोन लावायला मोबाइल काढला. तो भोसरीहून येणार होता. तासभर तरी.

"आण्णा," मी म्हणालो, "पेट्रोल संपलंय."

"पंदरा लिटर हाय."

"नाहीये. अकरा पॉइंट तीन खोटं आहे. तळेगावहून येताना मी गाडी पळवली. तुम्हाला कळू नये म्हणून मधेच दोन हजाराचं पेट्रोल भरलं. ते जास्त झालं."

जुळवून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही वापरलं गेलं नाही. आण्णांचा हात फिल्टरच्या झाकणावर होता. त्यांनी तो उचलला नाही. त्यांचे ओठ हलले. माणूस काट्यावर उभा केल्यावर हलतात तसेच. दोन हजार, म्हणजे अठरा लिटर. अठरा वजा. मग त्यांचा हिशेब संपला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती पळवली?"

"एकशे साठ."

"रस्ता मोकळा व्हता?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि स्क्रू परत बसवायला लागले. मी काहीतरी आणखी बोलायला गेलो तर त्यांनी नुसता हात वर केला.

जवळचा पंप मागे चौकापलीकडे होता. जाऊन यायला अर्धा तास, आणि बाटलीत पेट्रोल देतील की नाही याची खात्री नाही. आण्णा तापलेल्या डांबरावरून टपरीकडे चालत गेले. दुसऱ्या शिफ्टला जाणारी दहा-बारा पोरं तिथे चहा पीत होती, मोटारसायकली ओळीनं लावलेल्या. आण्णांनी आधी टपरीवाल्याला स्टोव्ह विझवायला लावला. त्यावर पोरांनी गलका केला. आण्णांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. माल पावणेदोनला गेटवर पाहिजे, नाहीतर नऊ घरं बसतात. कुणाच्या चुकीनं, ते सांगितलं नाही.

एक पोरगा गाडीकडे बघत म्हणाला, "आण्णा, त्या हत्तीला आमच्या वाटीतलं पाणी पुरायचं का?"

"हत्तीला हितनं तितंवर जायचंय फकस्त," आण्णा म्हणाले. "दोन पावलं."

शिफ्टला जाणाऱ्या पोरांना लाइन थांबणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. टपरीवाल्यानं पाण्याच्या ड्रमची पातळ नळी काढून दिली. चार मोटारसायकलींच्या टाक्यांतून, तोंडानं ओढून, पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल आलं. एकाला ठसका लागला, त्यानं आमच्या गाडीला आईवरून एक शिवी दिली आणि पुन्हा नळी तोंडात धरली. साडेचार लिटर जमलं असेल. साधं पेट्रोल. ज्या गाडीला आण्णांनी कधी दुसऱ्या पंपाचं दाखवलं नव्हतं, तिच्या टाकीत ते चार अनोळखी टाक्यांचं गाळ बसलेलं पेट्रोल ओतताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. पैसे देऊ केले ते कुणी घेतले नाहीत. उद्या चहा पाजा, म्हणाले.

आण्णा अजून टाकीपाशीच होते, म्हणून मी आत बसून किल्ली फिरवली. पेटली नाही. दुसऱ्यांदा नुसतीच घरघरली. तिसऱ्यांदा इंजिननं दम धरला आणि पेटली. एक छत्तीस.

आण्णांच्या चालीनं नऊ किलोमीटरला चौदा-पंधरा मिनिटं लागतात. मी ड्रायव्हरच्या जागेवरून उठायला लागलो, तेव्हा त्यांनी बाहेरूनच दार दाबून धरलं.

"माझ्या पायाला ते जमायचं न्हाई. तुमी चालवा."

ते शेजारी बसले. मी निघालो. भरलेली गाडी, दोन्ही बाजूंना उभे ट्रेलर, मधून कधी कुत्रं, कधी डबा घेऊन चाललेला कामगार. पहिल्यांदा मी तळेगावला हसलो होतो, या वेळी दात आवळलेले होते. सत्तरच्या पुढे मी जरा थबकलो. शेजारी हा माणूस बसलेला, ज्यानं ब्रेक दाबणं पाप मानलं, आणि मी दर चौकाला ब्रेक दाबत होतो. त्यांनी दोन्ही तळपाय गाडीच्या तळाशी घट्ट रोवले होते. नजर घड्याळावर.

"दाबा," ते म्हणाले.

मी ऐकलं, पण कानांवर विश्वास बसला नाही.

"दाबा, सुधाकरराव."

मोकळा पट्टा आला तसा मी दाबला. गाडीनं तो आवाज काढला. आण्णांनी डोळे मिटले. भीतीनं मिटले असं मला तेव्हा वाटलं. दीड वर्ष ते ही गाडी चालवत होते आणि तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता, हे माझ्या लक्षात नंतर आलं.

गेटवर एक त्रेचाळीस झाले होते. सिक्युरिटीवाल्यानं सावकाश, फार सावकाश वहीत गाडीचा नंबर लिहिला. मी चलन खिडकीतून आत सरकवलं आणि शिक्का पडेपर्यंत खिडकी सोडली नाही. एक चव्वेचाळीस. क्रेट आत गेले. लाइन चालू राहिली. आत कुणाला काही कळलंही नाही, आणि आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नसतं.

रिकामे क्रेट मिळायला वेळ होता. आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. काचा खाली. मी समोर बघत म्हणालो की उद्यापासून मी येत नाही.

"मग उद्याचं डिस्पॅच कोन करनार?" आण्णांनी विचारलं.

मी चलनाची घडी घालू लागलो. मग ते म्हणाले, "अकरा पॉइंट तीन खोटं निगालं, ह्ये मातर वाईट झालं."

मी पेट्रोलच्या पैशांबद्दल, पगारातून कापून घेण्याबद्दल बोलायला लागलो.

"पेट्रोलचं न्हाई वो."

त्यांचा मुलगा जर्मनीत असतो, एवढं मला माहीत होतं. त्याचं नाव अमोल. आण्णांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्या वेळी तो आला होता, त्यानंतर नाही. आण्णा त्याच्याबद्दल कधी बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला.

"साहेबांची गाडी घेतली तवा त्याला फोटू धाडला. तिकडं घरटी अशाच गाड्या असत्यात म्हनं. त्येनं इचारलं, बाबा, किती देती? काय तरी इचारलं बगा त्येनं. तवापास्नं दर रविवारी धाडतो."

पडद्यावर नुसते आकडे होते. ८.१. ७.९. ८.०. ८.२. प्रत्येक आकड्याखाली अमोलकडून आलेला एक अंगठा. दीड वर्षाचे रविवार, एकाखाली एक. मी वर सरकवत राहिलो, दुसरं काही सापडतं का बघत. नव्हतं. दिवाळीलाही आकडा आणि अंगठा. मग खाली आलो, तो ११.३ दिसला आणि त्याखाली फोन आल्याची खूण. एक्केचाळीस मिनिटं.

"पैला फोन त्येचा," आण्णा म्हणाले. "स्वताहून. कसं केलं, हवा किती ठिवता, स्टेपनी काढली का, समदं इचारलं. मंग मी इचारलं, तुजी गाडी किती देती. त्येनं सांगितलं. मंग त्येनं इचारलं, जेवलात का."

मी म्हणालो, "नंबर द्या. मी सांगतो त्याला, चूक माझी होती."

"तुमी कशापायी?" त्यांनी मोबाइल परत घेतला. हातातल्या हातात फिरवला. "आता काय धाडायचं त्येला? आकडा असता तर धाडला असता. ह्येला आकडाच न्हाई." मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि क्षणात म्हणाले, "तिकडं पावनेआकरा झालं. चहाची सुट्टी आसती." तिकडची वेळ काढायला त्यांचे ओठ हलले नाहीत.

त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मी दाराच्या खटक्यावर हात ठेवून बसलो होतो. उचलला नाही तर उतरायचं नाही, असं काहीतरी मनात होतं.

"आरं, कामात हायस का?" आण्णा एकदम म्हणाले. "न्हाई, न्हाई, आज रविवार न्हाई. तब्येत बरी हाय. आयक, भर दुपारी रस्त्यात पेट्रोल संपलं माजं. व्हय. अकरा पॉइंट तीन खोटं व्हतं त्ये. लय मोटी गोष्ट हाय, टाइम हाय का तुला?"

मी उतरलो आणि दार आवाज न करता लावलं. रिकाम्या क्रेटच्या खिडकीपाशी जाऊन उगाच उभा राहिलो. काचेतून आण्णा दिसत होते. नळी तोंडात धरून पेट्रोल कसं ओढलं ते ते हातानं दाखवत होते, समोर कुणी नसताना. मग त्यांचा हात थांबला. कानाला फोन घट्ट धरून, मान खाली घालून, ते नुसते ऐकत होते. खिडकीतून माझा नंबर दोनदा पुकारला गेला. मी क्रेट घेतले आणि ते तिथेच जमिनीवर ठेवून वाट बघत राहिलो.